हिवरबोडीचा लडाख

तुमच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेला तो सुंदर निसर्गाचा फोटो नेमका कुठला आहे, हे तुम्ही कधी विचारलंय का? तिथं आधी कोण राहत होतं, हे? मीही विचारलं नसतं. पण चंद्रपुरात विमलमावशींच्या घरी असा एक फोटो आहे आणि त्याच्यावर एका मरणाचा आळ आलेला आहे.

प्रणाली गेल्याचा फोन तिच्या आईनं, विमलमावशींनीच मला केला. मी तेव्हा कामासाठी गडचिरोलीत होते. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. मावशी रडत नव्हत्या. "तुही मैत्रीण गेली, नीलू," एवढं बोलून त्या थांबल्या. मागे दवाखान्यातला आवाज येत होता, कोणाचं तरी नाव पुकारत होते... मग म्हणाल्या, "लडाखनं खाल्लं तिले. आन तूच नेलं होतं." फोन बंद झाला. मी एसटी पकडून चंद्रपूरला आले, खांदा दिला, पुढं पुण्यानुमोदनाच्या शोकसभेलाही गेले. तिथं सगळ्यांसमोर त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी आजवर लडाख पाहिलेला नाही. प्रणालीनंही पाहिला नव्हता.

आम्ही शाळेपासूनच्या. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते, आई अंगणवाडीत मदतनीस. माझे वडील कामगार संघटनेतले. आमच्या घरी बारशालाही पत्रक निघालं असतं. छपाईच्या शाईचा वास येणारे गठ्ठे दुमडत मी अक्षरं शिकले, आणि राग ही पत्ता लिहून पाठवायची गोष्ट आहे हेही तिथंच शिकले. प्रणालीला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि माणूस हाडाहाडांतून दुखत राहतो. "तुमच्या झेंड्यावर विळा आहे, माह्या रक्तातच आहे. सांग, खरी कॉम्रेड कोन?" असं ती दवाखान्याच्या खाटेवरून विचारायची आणि मला हसताही यायचं नाही.

ती फोटोग्राफर झाली. लग्नं, हळदी, नामकरणं. शहरातल्या मुसलमान घरांमध्ये बायकांच्या मेहंदीला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, तिथं तर प्रणालीशिवाय पान हलत नसे. पण तिच्या मोबाइलच्या पडद्यावर कायम लडाख. उघडे बोडके डोंगर, गवताची काडी नाही, आणि वर निळं आभाळ. एकदा जायचंच, असं तिनं ठरवलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. तिथं उंचावर हवा विरळ, आणि प्राणवायू कमी पडला की हिच्या रक्तातले विळे अजून वाकणार. त्या दिवशी मावशींनी तिच्याकडून शपथ घेतली. प्रणालीनं ती पाळली, हे मी आज इथं लिहून ठेवते.

त्या हंगामात तिला मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या गावांमध्ये लागोपाठ लग्नांची कामं मिळाली. आठवडाभर ती तिकडेच होती. परत आणायला मी वडिलांची जुनी व्हॅन घेऊन गेले. येताना वैनगंगेचा पूल ओलांडला, जंगल मागे पडलं, कोळशाचे ट्रक सुरू झाले, आणि एका फाट्यावर प्रणाली अचानक म्हणाली, "डावीकडं घे."

"काऊन?"

"आईचं माहेर इकडंच आहे कुठीतरी. हिवरबोडी. मामा लोकं उठून गेले तवापासून कोनीच गेलं नाई. आई सारखी म्हनते, माह्या माहेरचा एखादा फोटो आन. घे न बे, घरी जाऊन कोनता दिवा लावाचा आहे?"

बोडी म्हणजे आमच्याकडं गावचं लहान तळं. मावशींच्या बोलण्यात ती बोडी नेहमी असायची. तिच्यातले शिंगाडे, काठावरचं हिवराचं झाड, निळ्या भिंतीचं विहार. खाण आली, गाव उठलं, हे प्रणालीलाही ठाऊक होतं. पण उठलेल्या गावाचं काहीतरी उरतंच, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. चार भिंती, निदान ते तळं.

रस्ता एका चहाच्या टपरीशी संपला. प्रणालीनं टपरीवाल्याला विचारलं, "भाऊ, हिवरबोडी कुठी आहे?"

त्यानं हनुवटी वर केली. "ते काय, समोरच."

समोर डोंगर होता. आमच्या सपाट मुलखात असा डोंगर नसतोच. कोळशाच्या वरची माती आणि दगड उपसून टाकतात, त्याचा ढीग. असे ढीग लांबून आम्ही जन्मभर पाहिलेले, पायथ्याशी कधी उभं राहिलो नव्हतो.

"अन बोडी?" तिनं विचारलं.

"खाली," टपरीवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कप दिला.

आम्ही वर चढलो. मधे मधे ती दम घ्यायला बसत होती. वर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि ते सगळं पेटल्यासारखं दिसत होतं. पिवळी माती, राखाडी माती, जांभळट कडे, पावसानं कापलेल्या खोल घळी. पलीकडं सोडून दिलेल्या खाणीत साचलेलं हिरवंनिळं पाणी. कुठंच झाड नाही, पाखरू नाही. "अबे नीलू," ती हळूच म्हणाली, "हे त लडाख आहे." आणि कॅमेरा काढला.

मी संतापले होते. म्हटलं, काढ फोटो, पण खाली मोठ्या अक्षरात लिही, इथं हिवरबोडी होतं. नाव नसलेला फोटो म्हणजे लबाडी. ती डोळा कॅमेऱ्यालाच लावून म्हणाली, "हे तुह्या बापाचं पत्रक नाई आहे. पत्रक लोकं वाचतात अन त्याच्यात भजे बांधतात. फोटो भिंतीवर लावतात. थोडं पाहू दे मले, मंग चिडू दोघी मिळून." उतरताना मात्र तिनं कॅमेरा पिशवीत ठेवून दिला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आईले काय सांगू?"

तिनं काय सांगितलं ते मला नंतर कळलं. फोटो मोठा करून, चौकट करून तिनं बैठकीत लावला. मावशींनी विचारलं, हे कुठचं? प्रणाली म्हणाली, लडाख. नीलूनं तिच्या वडिलांच्या संघटनेच्या शिबिराला विमानानं नेलं होतं, मुलचेऱ्याचं खोटं सांगितलं होतं. मावशींनी घर डोक्यावर घेतलं. शपथ मोडली म्हणून दोन दिवस अबोला धरला, आणि पुढं तिचं अंग दुखलं की त्या फोटोकडं हात करून म्हणायच्या, हे सारं तिथूनच आनलं हिनं. मी प्रणालीला सुनावलं. आईला खरं सांग, नाहीतर मी सांगते. तिनं माझा हात धरला. "लडाखवर चिडून राह्यली न ते? चिडू दे. लडाखले काय फरक पडते? माहेर त्या ढिगाखाली गेलं समजलं, त कोनावर चिडंल? कोन ऐकनार आहे तिचं? मी जिती आहे तवरी सांगू नको." मी शब्द दिला.

ती जिवंत होती तोवर तो पाळला. मग ती गेली... छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना, आणि तिशीही न गाठता ती गेली. शब्दाची मुदत तिनंच घातली होती. चुकीच्या पत्त्यावर गेलेला राग मला झोपू देत नव्हता, त्यातला थोडा माझ्या नावावर होता म्हणून नव्हे. मी मावशींकडं गेले आणि भिंतीसमोर उभी राहून सांगितलं. ती लडाखला कधीच गेली नाही मावशी. तिनं तुमची शपथ मोडली नाही. हे हिवरबोडी आहे.

त्या उठल्या. चष्मा लावला. फोटोच्या अगदी जवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं. "बोडी कुठी आहे याच्यात?"

"खाली आहे," मी म्हटलं.

"इथी?" बोट सरकलं. "का इथी? विहाराच्या मांगं हिवर होता, त्याच्या बाजूले." बोट काचेवर फिरत राहिलं, पिवळ्यावरून राखाडीवर, घळींमधून. "म्हनजे ते माह्या माहेरी जाऊन आली," त्या म्हणाल्या. "मी नाई गेली, ते जाऊन आली."

मला वाटलं, आता त्या रडतील आणि काहीतरी हलकं होईल. त्या खाली बसल्या आणि माझ्याकडं पाहत राहिल्या. "मंग मेली काऊन?"

आजारानं, मी म्हटलं.

"आजार कोनं देल्ला?"

उत्तर त्यांना माहीत होतं. अंगणवाडीत त्यांनीच कितीतरी आयांना ते समजावून सांगितलं होतं. थोडं आईकडून, थोडं बापाकडून, दोन्ही मिळालं की मूल आजारी. इतकी वर्षं लडाख त्या उत्तराच्या आड उभा होता, आणि मी तो बाजूला केला. खरं सांगायलाच हवं, हे मी आजही मानते. पण खरं सांगून झाल्यावर तिथंच बसून राहावं लागतं, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

त्या मला जा म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले तर पदरानं काच पुसत होत्या. प्रणालीच्या हार घातलेल्या फोटोआधी तो पुसतात, रोज. पुसून झालं की बोट ठेवतात. त्या दिवशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नीलू, तू लिहितं न पेपरात? लिही. कोनाजवळ तरी असंल."

म्हणून लिहिते आहे. हिवरबोडीत तुमची मुलगी दिली असेल, तिथून सून आणली असेल, तुम्ही तिथं जेवायला, नोकरीला, प्रचाराला गेला असाल, तर घरातले जुने अल्बम काढा. लग्नाचा, नामकरणाचा, कसलाही फोटो चालेल. माणसांचे चेहरे हललेले असोत, कोपरा उधईनं खाल्लेला असो. आम्हाला माणसांच्या मागचं हवं आहे. एखादी निळी भिंत, हिवराची फांदी, पाण्याचा तुकडा. फोटो या पुरवणीकडं पाठवा, मी मावशींच्या हातात नेऊन देईन. आणि पाठवण्याआधी, तेवढं विसरू नका, त्याच्या मागे गावाचं नाव लिहा.