तीन इंजिनांचं विमान आणि तिसरी खुर्ची

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. दरोडे, दंगली, मारामाऱ्या, किती प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेला उभं असलेलं ते विमान डोळ्यांसमोर येतं ते अजून जसंच्या तसं.

मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका बागायतदाराने जुनं, सेवेतून बाद झालेलं प्रवासी विमान विकत घेतलं होतं. ट्रेलरवर तुकड्यांनी आणून बागेजवळ पुन्हा जोडलं होतं. आत हॉटेल काढायचा विचार होता. त्या जातीची विमानं आता आकाशात जवळजवळ दिसत नाहीत. इंजिनं तीन, आणि तिन्ही मागे. दोन दोन्ही बाजूंना, तिसरं शेपटीच्या बुडाशी, वर मोठं गोल तोंड असलेलं. थंडीत सकाळी धुकं उतरलं की बागा, रस्ता, विजेचे खांब सगळं नाहीसं व्हायचं आणि त्या पांढऱ्यावर फक्त शेपटी तरंगत राहायची. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी जीप थांबवून कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो होतो.

एका सकाळी मालक फिर्याद घेऊन आला. विमानाच्या कॉकपिटमधली यंत्रं चोरीला जात होती. गुन्हा दाखल करून आम्ही पंचनाम्याला गेलो. पुढे पायलटच्या दोन खुर्च्या, आणि त्यांच्या मागे उजवीकडच्या भिंतीकडे तोंड केलेली तिसरी खुर्ची. त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत घड्याळांसारख्या गोल तबकड्या. त्यातल्या सात काढून नेलेल्या, नुसती भोकं उरलेली.

"वॉचमनशिवाय किल्ली कोणाकडे नाही, साहेब," मालक म्हणाला. "त्यालाच घ्या."

वॉचमन पेठ तालुक्यातला. चाळिशीचा, सडपातळ. बायको बागेत छाटणीला जायची, दोघं विमानाजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"तबकड्या कुठं विकल्या?"

"म्या नाय इकल्या, साहेब."

"मग कोणी नेल्या?"

तो खाली बघत राहिला. माहीत नाही असंही म्हणेना. दोन दिवस मी त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. आवाज चढवला. आत टाकीन म्हणालो. त्याची बायको काम बुडवून आवारातल्या कडुनिंबाखाली बसून असायची. माझ्या मनाने निकाल लावून टाकला होता. तोंड उघडत नाही, म्हणजे हाच.

तिसऱ्या दिवशी फोटो काढायचे राहिले म्हणून आमचे हवालदार पुन्हा विमानात गेले आणि तिथूनच त्यांचा फोन आला. "साहेब, पंचनाम्यात सात भोकं आहेत ना? इथं चारच आहेत. तीन तबकड्या परत बसल्यात. काचा लख्ख पुसलेल्या."

चोर माल परत आणून बसवतो, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. मी तडक निघालो. विमानासमोर रस्त्यापलीकडे एक बाई चहाची टपरी चालवायची. तिला विचारलं, तर ती सहज बोलून गेली, "ते म्हातारे सर नेत असतील. लय चांगला माणूस हाय. मंगळवारच्या मंगळवारी नाशिकच्या बसनं येत्यात, पिशवी घेऊन. कालच आले व्हते. वॉचमन नव्हता, कुठं गेला काय ठावं, पर त्यानं किल्ली माझ्याकडं ठिवली व्हती, सरांसाठी."

"नाव काय त्यांचं?"

"नाव न्हाई ठावं. चष्म्याचं हे डबडं इसरून गेले बघा."

डबीच्या आत इंदिरानगरमधल्या चष्म्याच्या दुकानाचं लेबल होतं, त्यावर पावतीचा नंबर. दुकानदाराने वहीत बघून पत्ता दिला. तासाभरात आम्ही एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. दार मुलीने उघडलं. आत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चार तबकड्या, बारीक पेचकस, आणि भिंग लावून बसलेले ऐंशीच्या घरातले गृहस्थ.

"मी चोरत नाही हो," ते शांतपणे म्हणाले. "सुया अडकल्या आहेत. मोकळ्या करतो आणि परत बसवतो."

"परवानगी घेतली होती?"

"कोणाची घेणार? मला ते विमानच ओळखीचं."

मग हळूहळू कळलं. ते फ्लाइट इंजिनिअर होते. त्या विमानांत दोन पायलटांच्या मागे तिसरा माणूस लागायचा. तिन्ही इंजिनांचं तापमान, तेल, इंधन, सगळं तो बघायचा. नंतर दोनच माणसांवर चालणारी विमानं आली आणि ती खुर्चीच गेली. एकदा पिंपळगावला जाताना बसच्या खिडकीतून त्यांना शेपटीतलं तिसरं इंजिन दिसलं आणि ते तिथेच उतरले. जवळ जाऊन पाहिलं, तर ज्यावर अकरा वर्षं काढली तेच विमान.

"आयुष्यभर उडलो," ते म्हणाले, "पण आकाश कधी समोरून पाहिलं नाही. भिंतीकडे बघत बसायचो. बाकीचे निवांत बसावेत म्हणून."

"बाबा, तुम्ही वाचनालयात जाता म्हणाला होतात!" मुलगी मध्येच म्हणाली. ते चक्कर येऊन पडल्यापासून तिने त्यांचं एकट्याने फिरणं बंद केलं होतं. म्हणूनच त्यांनी वॉचमनकडून वचन घेतलं होतं, कोणाला सांगू नका.

मी वॉचमनचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला पेचकस टेबलावर पडला. "माझ्यासाठी ते पोलिसांत बसलेत?" ते उठून चप्पल शोधू लागले. "चला. आधी त्यांना सोडा."

ठाण्यात आल्यावर मी वॉचमनला विचारलं, "आधीच का नाही बोललास?"

"सबूद दिला व्हता, साहेब," तो म्हणाला. "अन् ते मला अहो म्हनतात."

गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. क समरी मंजूर झाली, म्हणजे प्रकरण तिथेच मिटलं. मालक सुरुवातीला तडकला. तबकड्यांची ती भिंत काढून त्याला हात धुवायची बेसिनं बसवायची होती. पण म्हाताऱ्यांशी बोलल्यावर तो निवळला, आणि उरलेल्या तबकड्या बसवायच्या सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं.

त्या दिवशी दाट धुकं होतं. मी पायलटच्या खुर्चीत बसलो. समोरच्या काचेबाहेर फक्त पांढरं. मालकाने बॅटरी जोडली आणि त्या भिंतीवरचे बारीक दिवे एकेक करून उजळले. म्हातारे आपल्या खुर्चीत बसले, वॉचमन त्यांच्या शेजारी उभा.

"एक नंबर इंजिन?"

"ठीक," वॉचमन म्हणाला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण दर मंगळवारी सरांजवळ उभं राहून प्रत्येक तबकडीची जागा पाठ झाली होती.

"दोन?"

"ठीक."

"तीन?"

"ठीक, सर."

मुलीने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. धुकं काचेवरून सरकत होतं आणि मला खरंच वाटलं, आपण कुठेतरी वर, ढगांतून चाललो आहोत. ती भिंत मालकाने काढली नाही. वॉचमनही कामावर राहिला.

बाहेर पडल्यावर मी त्याच्या बायकोपाशी गेलो. "चूक माझी होती," म्हणालो. पदर सावरून ती बागेकडे निघून गेली. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तो कोणाला तरी सांभाळतही असतो, हे मी उशिरा शिकलो. पुढच्या नोकरीत समोर कोणी असा मुका बसला, की मी आधी चहा मागवायचो आणि विचारायचो, "तुम्ही कोणाला शब्द दिलाय का?" बऱ्याचदा त्याने माणूस मोकळा झाला. एकदा मात्र मी साफ फसलो, सराईत चोर चहा पिऊन निसटला. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण ते फसणं मला कधी सललं नाही. कडुनिंबाखालचे ते दोन दिवस अजून सलतात.