फ्रीजसमोरचा पाट

"चपला काढू नगा, ताई!" मावशी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

मी उंबऱ्यावरच थबकले. इंदुरी गावातल्या घरात, तेही स्वयंपाकघरात, चपला घालून या म्हणणारं माणूस मला प्रथमच भेटत होतं. आत फ्रीजसमोर लाकडी पाट मांडलेला. मावशी पाटावर चढल्या, दूध काढलं, खाली उतरल्या. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल. तसं विचारलं.

"व्रत कसलं? अनवानी हात लावला की करंट बसतोय."

मी घरांचं वायरिंग तपासते. एरवी माझं काम लोणावळ्यातल्या बंगल्यांमध्ये असतं. इथं मला मावशींच्या सुनेनं, शीतलनं, बोलावलं होतं. तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती आणि रांगत थेट फ्रीजकडे जायची.

मी टेस्टर फ्रीजच्या पत्र्याला टेकवला. पेटला. प्लग काढून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातला. तिथंही पेटला. ते भोक अर्थिंगचं. पत्र्यावर चुकून आलेला करंट जमिनीत जावा म्हणून ती वायर असते, तिथं टेस्टर पेटताच कामा नये. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. अर्थिंगची वायर नव्हतीच. कुणीतरी वायरचा तुकडा टाकून ते भोक शेजारच्या न्यूट्रलला जोडलं होतं. पुढे फरशी बसवताना बोर्ड हलवला, तेव्हा करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल उलटी जोडली गेली. म्हणजे अख्खा फ्रीज लाइव्ह.

"मावशी, फरशी ओली असती तर जीव गेला असता कुणाचातरी. आजच दुरुस्त करते."

"बाकी समदं करा, पर फ्रीजचं ऱ्हाऊ द्या."

"का?"

"आमच्या आबास्नी शुगर हाय. पेढं चोराया जात्यात अन् चपला घालायचं इसरत्यात. बोंब मारली की मला कळतंय."

ओटीवरून मावशींचे मालक, आबा, म्हणाले, "पोरी, तू तुजं काम कर."

मी मावशींना समजावून थकले. शेवटी शीतलनं मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आई, ही गेली फ्रीजकडं तर?"

मावशींनी नातीला छातीशी धरलं. मग म्हणाल्या, "करा."

वायरचा तो तुकडा काढला, बोर्डातल्या वायरी सरळ केल्या. परसात खड्डा घेऊन खरं अर्थिंग काढलं. करंट भलतीकडे गेला तर लाइन पाडणारा स्विच बसवला. टेस्टर पेटेना, तरी फ्रीजला हात लावायला कुणी तयार होईना. तेव्हा आबाच पुढे झाले. अनवाणी. दार उघडलं, "करंट न्हाई," असं जाहीर केलं आणि खात्री करायला दोन पेढे खाल्ले.

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. "ताई, आबांची शुगर लय वाढली. उलीसा करंट परत सोडता येईल का?"

मी नाही म्हणाले. करंट थोडासाही ठेवता येत नाही. पेढ्यांचा डबा शेजाऱ्यांकडे ठेवता येतो, तो उपाय मी सांगितला. आणि तुमच्याही घरी तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणून अर्थिंग आहे असं धरून चालू नका, तपासून घ्या.