जर्मन की रशियन?

नागावच्या आमच्या होमस्टेत पाहुणे नसले की मी मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धावरून भांडत बसायचो. नाझींना नावं ठेवली की एकजण मला कम्युनिस्ट म्हणायचा, रशियन फौजांच्या अत्याचारांबद्दल बोललो की दुसरा फॅसिस्ट ठरवायचा. मी नक्की कोण, हे मलाच कळेनासं झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात पोलंडच्या एक बाई राहायला आल्या. नाश्त्याला घावन वाढताना मी उत्साहाने विचारलं, "तुमच्याकडे जास्त वाईट कोण होते, जर्मन की रशियन?"

"माझ्या आजीच्या भावाला सैनिक घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "कुठले, ते तिने कधीच सांगितलं नाही."

त्याच दुपारी मोबाइलवर कुणीतरी विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूचा?" मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी सगळं पुसलं आणि सकाळचा घावनाचा तवा घासायला घेतला.