लियाकत पिंजाऱ्याची पंपविद्या

माजरीजवळच्या एका बाजारगावात लियाकत पिंजारी गाद्या भरतो. वय अठ्ठावन्न, तोंड सदा चालू आणि छातीत अकरा वर्षांचा दमा. रुईची धूळ नाकातोंडात जाते, हा बाबा रुमाल बांधायचा आळस करतो आणि वर दम्यालाच शिव्या घालतो. एका गोष्टीचा मात्र त्याला भारी अभिमान होता. दम्याचा निळा पंप गावात पहिल्यांदा त्यानं आणला, आणि तो घ्यायला शिकावं तर त्याच्याकडूनच, असं तो स्वतःच सांगत फिरे.

त्याची रीत सोपी. तोंडाचा आ करायचा, पंप दाबायचा आणि पांढरा धूर बाहेर पडताना पाहायचा. "हे पाहा," तो गिऱ्हाइकांना सांगे, "छातीतली रुई निघून राह्यली!" दिवसभर कापूस उडताना पाहणाऱ्याला हे खरं वाटलं, यात नवल ते काय? जितका धूर जास्त, तितकी छाती साफ, असा त्याचा हिशेब. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावचा मुखरू आपल्या बायकोला, रंभाला, घेऊन गादी न्यायला आला होता. रंभाला नुकताच पंप मिळाला होता. लियाकतनं तिला दुकानातच बसवून ही सगळी विद्या दिली.

सोमवारी त्याचा स्वतःचा पंप संपला, महिन्यातला दुसरा. तो आरोग्य केंद्रात गेला. नर्स पुनम नवा पंप हातात देत म्हणाली, "चाचा, मायासमोर घेऊन दाखवा बरं."

लियाकतनं ऐटीत आ केला, दाबलं. भसकन धूर निघाला.

"पाह्यलं? रुई!"

पुनमनं कपाळाला हात लावला. "चाचा, ते रुई नाई. औषध हाय. सारं बाहेर चाललं!"

लियाकत हबकलाच. अकरा वर्षं तो औषध हवेत उडवत होता! "मंग मले आराम काऊन पडे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"थोडंफार आत जाते म्हणून." मग तिनं नीट शिकवलं. पंप हलवायचा, छातीतला श्वास पुरा सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची. हळू श्वास ओढायला लागताच दाबायचं आणि ओढतच राहायचं. मग मनात दहा आकडे होईस्तोवर श्वास रोखायचा. दुसऱ्यांदा दाबायच्या आधी मिनिटभर थांबायचं. "आन बोलता येत नसंन, की पंपानं आराम पडत नसंन, तर १०८ ले फोन लावायचा. वाट नाई पाहायची. तुम्हाले महिन्याले दोन पंप लागून राह्यले, म्हणजे डॉक्टरले दाखवल्याशिवाय घरी जायचं नाई."

त्यानं तसं करून पाहिलं. धूर दिसला नाही, छाती मोकळी झाली. पण आनंद व्हायच्या ऐवजी त्याला दुकानात दिलेली विद्या आठवली. रंभा!

डॉक्टर राहिले बाजूला. त्यानं स्कूटी काढली आणि मुखरूचं गाव गाठलं. रंभा ओसरीत खाली वाकून बसली होती, खांदे वरखाली होत होते. "दहादा दाबलं... धूर... निघते..." पुढचं वाक्य होईना.

"मुखरू, १०८ ले फोन लाव!" लियाकत ओरडला. त्यानं तिला ताठ बसवलं, पंप हलवून हातात दिला. "वहिनी, मी सांगतलं ते सारं विसरा. श्वास सोडा. ओठ मिटा. आता ओढा, दाबा!" पहिल्यांदा ती ठसकली, औषध वाया गेलं. दुसऱ्यांदा जमलं. मिनिटभर थांबून पुन्हा. लियाकतला रडू फुटत होतं आणि तो मोठ्यानं आकडे मोजत होता.

गाडी आली. रंभाच्या तोंडावर मास्क लागला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मुखरूनं हात जोडले. "लियाकतभाऊ, तुम्ही देवावानी धावून आले."

"हात नको जोडू, मुखरू. मीच तिले उलटं शिकवलं. माया मूर्खपणानं तिचा जीव जात होता."

मुखरूचे जोडलेले हात खाली आले. तेवढ्यात रंभानं मास्क बाजूला केला आणि तिचं पहिलं पुरं वाक्य निघालं.

"भाऊ, माया मैतरिणीच्या, मोनालीच्या पोरीले दमा हाय, तिले मी परवा असंच शिकवलं."

लियाकतनं स्कूटीची किल्ली उचलली. "कुठी राह्यते मोनाली?"