कडुलिंबावरचा लाल-पांढरा दोरा

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. एक मार्चला आमच्या रिसेप्शनवरच्या रोमानियन बाईने माझ्या टेबलावर लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा ठेवला. तसाच तिच्या मनगटावर होता. पांढरा म्हणजे सरता हिवाळा, लाल म्हणजे परत येणारा जीव, असं तिने सांगितलं. झाडं फुलेपर्यंत घालायचा, मग फुललेल्या झाडाला बांधून मनातलं मागायचं.

"दुबईत कसला हिवाळा?" मी म्हटलं. तीही हसली. तिची आठ वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ होती आणि तिच्या व्हिसाचा अर्ज नुकताच गेला होता. ती काय मागणार हे उघड होतं.

माझा दोरा ड्रॉवरमध्ये गेला. तिला मात्र महिनाअखेरपर्यंत मनासारखं झाड मिळेना. शेवटी मीच तिला अल कुसैसला, आमच्या बिल्डिंगमागच्या कडुलिंबापाशी नेलं. तो छान फुलला होता. टाचा उंचावून तिने खालच्या फांदीला दोरा बांधला आणि डोळे मिटले. मी घड्याळ पाहत उभी होते.

चारच दिवसांनी पाडवा. सकाळी नवऱ्याने खालून कडुलिंबाचा डहाळा आणला. गुढीला बांधायला घेतला तर फुलांत तो दोरा.

"एवढ्या झाडात नेमकी हीच फांदी सापडली?" मी खेकसले.

"अगं, हीच हाताला आली. यल्ला, आटप, मला नऊला मीटिंग आहे!"

मी दोरा सोडवला, चपला न घालता खाली पळाले, दुसऱ्या फांदीला तो कसाबसा बांधला आणि वर येऊन गुढी उभारली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी दिवसभर श्रीखंड गोड लागलं नाही.

एप्रिलमध्ये व्हिसा नाकारला गेला. ती पॅन्ट्रीत भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला राहवेना. मी फांदीचं सगळं सांगून टाकलं. आता ही माझं तोंडही पाहणार नाही, अशी खात्रीच होती.

तिने डोळे पुसले. "पुन्हा बांधताना तू काय मागितलंस?"

"तुझी मुलगी," मी म्हणाले.

तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मी त्या घाईत काहीच मागितलं नव्हतं.