गोदाकाठचं विटांचं घर आणि जेसीबी

मागच्या वर्षी लेकीकडे इटलीला गेले, तेव्हा समुद्रकाठच्या एका रोमन बंगल्याचे अवशेष पाहिले. फुटक्या फरशीभोवती दोरी, वर छप्पर, माणसं हळू आवाजात बोलत होती. ते फोटो सोनपेठच्या दादाला दाखवले तर तो म्हणाला, "असं घर आपल्या गंगेच्या काठाला बी हाय की. सातवाहनांच्या येळचं म्हणतेत." गंगा म्हणजे आमची गोदावरी. पुढच्याच रविवारी मी परभणीहून एसटी धरली.

स्टँडवर गरम भजी खाऊन दादाच्या मोटारसायकलवर निघालो. शेवटचा रस्ता काळ्या रानातला. पाऊस झाला असेल तर जाऊच नका. पाणी सोबत घ्या, तिकडं हॉटेल नाही.

काठावरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, घर अर्धं उघडं पडलं होतं. हातभर लांब विटा, नदीकडे उतरणारी नाली, गुळगुळीत जमीन. चप्पल काढून मी तिच्यावर पाय ठेवला, तेवढ्यात पलीकडून जेसीबीनं भिंतीत दात घातले.

मी ओरडत धावले. शेजारी ट्रॉली लावून उभा असलेला ट्रॅक्टरवाला निवांत. "ताई, बाजूला व्हा. आमी माती न्यायलाव."

"अहो, दोन हजार वर्षांचं घर आहे हे!"

"मग मालक कुटं हाय? बोलवा की."

जेसीबीवाला हसला. दादा तहसीलला फोन लावत होता; रविवार, कुणी उचलेना. डोळ्यांदेखत अर्धी भिंत ट्रॉलीत गेली.

गलका ऐकून काठाला मेंढरं चारणारी काशीबाई वर आली. सत्तरीची बाई. तिनं सगळी मेंढरं हाकत थेट जेसीबीपुढं घातली.

"चालव आता. एक मेंढरू दबू दे, मंग बघते तुला."

"म्हातारे, तुझं काय जायलंय?"

"ह्या भिंतीच्या सावलीला माझी लेकरं निजून मोठी झालीत!"

शेवटी शिव्या देत ते निघून गेले.

घरी आल्यावर मी तहसीलला अर्ज दिला. "बघतो," म्हणाले. अजून बघतायत. काल दादा काठावर जाऊन आला. मातीवाले परत येऊन गेले होते; भिंत संपली. जमीन तेवढी उरलीय, कारण काशीबाईनं तिच्यावर मेंढरं बसवलीत आणि स्वतः तिथंच उघड्यावर झोपते. हे ऐकल्यापासून माझा संताप नुसता वाढतोय. जे काम सरकारचं, गावाचं, माझं, ते एकटी म्हातारी करतेय.

उद्या पहिल्या गाडीनं मी परत निघतेय. तुम्हाला ते घर बघायचं असेल तर आत्ताच या. आणि येताना अंथरूण घेऊन या.