गच्चीवरचं चामडं

माझे वडील रामकुंडावर बाहेरगावच्या यजमानांचे श्राद्धविधी करत. दुपारी घरी आले की पुन्हा आंघोळ, मग सोवळं, मग जेवण. अशा घरात मी चामडं आणलं. तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिशीला टेकलेली, लग्न न झालेली, एका ऑफिसात टायपिंग करणारी.

सुरुवात झाली ती तुटलेल्या पर्सपासून. पट्टा दुरुस्त करायचा म्हणून शिवण उसवली, तर मशीनची शिवण एक टाका कापताच सरसर निघून आली. मूठ मात्र हाताने शिवलेली होती आणि ती काही केल्या उसवेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं. दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुई असणार आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून गेलेल्या. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मला ते फार आवडलं. आपल्यालाही असं शिवता यावं, एवढीच इच्छा. दुसरं कारण तेव्हाही नव्हतं, आजही सांगता येणार नाही.

भद्रकालीतल्या चपलांच्या दुकानातून उरलेले तुकडे आणि भोकं पाडायची आरी आणली. दोऱ्याला मेण लावलं. टाक्यांचं अंतर सारखं यावं म्हणून आहेरात आलेल्या, कधीच न वापरलेल्या जेवणाच्या काट्यांपैकी एक घेतला आणि तो दाबून चामड्यावर खुणा केल्या. नेमका तो काटा आईच्या हाती लागला आणि सगळं उघडं पडलं.

वडील ओरडले नाहीत. पाटावर बसल्याबसल्या म्हणाले, "हे या घरात चालणार नाही. उद्या नेऊन टाक."

"अण्णा, तुम्ही जपाला हरणाच्या कातड्यावर बसता."

"त्याला शास्त्राचा आधार आहे."

"माझ्या चामड्याला नाही. पण मी टाकणार नाही."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी सगळं सामान उचलून गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडलं. घर त्यांचं होतं हे मला मान्य होतं. गच्ची कोणाची, यावर कोणी बोललं नाही.

रविवारी तिथेच बसायची. दोन फळ्यांमध्ये चामडं धरून फळ्या गुडघ्यांत दाबायच्या आणि शिवायचं. पहिलं किल्ल्यांचं पाकीट इतकं वाकडं झालं की बंदच होईना. आरी एकदा तळव्यात घुसली. तेव्हाही खाली जाऊन हळद मागितली नाही, रुमाल बांधून ओळ पूर्ण केली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका आधी बघायच्या, मग कुजबुजायच्या, पुढे त्यांनी बघणंही सोडलं. मोठा भाऊ म्हणाला की आता दुकानच टाक म्हणजे आमची उरलीसुरली अब्रूही जाईल. तोपर्यंत टाके सरळ यायला लागले होते.

मग घोटीहून एक स्थळ आलं. चहाचा ट्रे ठेवताना मुलाच्या आईला माझ्या बोटांवरचे तपकिरी डाग दिसले. माझी काकू घाईने म्हणाली, ऑफिसातली शाई आहे. तिला शाई म्हणू दिलं असतं तर बहुधा सगळं जमलं असतं. माणसं वाईट नव्हती.

"शाई नाही," मी म्हणाले. "मी चामड्याच्या पिशव्या शिवते. त्याचा रंग आहे."

त्यांनी चहा संपवला आणि कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही. त्या संध्याकाळी घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. मी कढीभात वाढून घेतला आणि पोटभर जेवले.

पुढे दोनेक वर्षांनी इंदिरानगरला एक खोली भाड्याने घेतली. खिडकीशी टेबल टाकलं, त्यावर माझं चामडं, आऱ्या, दोरे. आई अधूनमधून यायची. वडील आले ते खूप उशिरा, एका सकाळी, आधी न सांगता. मी टेबल आवरलं नाही. ते खुर्चीवर अंग चोरून बसले आणि बराच वेळ माझ्या शिवणाऱ्या हातांकडे बघत राहिले.

"दोन सुया कशाला?"

मी सांगितलं. दोन्हीकडून दोरा गेला की शिवण पक्की होते. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. त्यांनी मान हलवली. ती संमती होती की नुसतंच समजल्याची खूण, मी विचारलं नाही. चहा ठेवला. त्यांनी तो घेतला. घरी गेल्यावर त्यांनी आंघोळ केली असणार, आणि ती त्यांची बाब. ते जिन्यातून उतरत असताना मी पुढचं भोक पाडायला घेतलं.